एकमेकांना न पाहिलेली माणसं मिळून सॉफ्टवेअर कसं लिहितात?

मार्च २०२४च्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड हा प्रोग्रामर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या गतीची मोजमापं घेत होता. अशा मोजणीच्या वेळी संगणक शांत असावा लागतो. पण एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरमध्ये सुरक्षितपणे शिरण्याची जी सोय असते ती, विनाकारण प्रोसेसर खात होती. लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागत होता. बहुतेकांनी तिकडे काणाडोळा केला असता. फ्रॉइंडने माग काढला आणि २९ मार्चला जाहीर केलं, की 'एक्सझेड' या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवलाय. फाईल दाबून लहान करणारं हे छोटंसं साधन लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर चालणाऱ्या बहुतेक सगळ्या संगणकांवर असतं. चोरदरवाज्याची किल्ली ज्याच्याकडे, तो त्या सर्व्हरवर हवं ते चालवू शकला असता.

ही बातमी वाचून अनेकांना एकच प्रश्न पडला: इतक्या महत्त्वाच्या सॉफ्टवेअरमध्ये अनोळखी माणूस शिरतोच कसा? प्रश्न रास्त आहे. पण ज्या सॉफ्टवेअरच्या पायावर बँका, रेल्वेचं आरक्षण आणि आपले फोन उभे आहेत, त्याचा फार मोठा भाग एकमेकांना अनोळखी असलेल्या माणसांनीच लिहिलेला आहे. ते कसं शक्य होतं, हे कळलं तर एक्सझेडमध्ये नेमकं काय बिनसलं तेही कळेल.

मुळात अडचण कसली होती?

सॉफ्टवेअर म्हणजे शेवटी मजकूर असतो. हजारो फायली, त्यात लाखो ओळी. एकटा माणूस लिहीत असेल तर प्रश्न नाही. दोघांनी एकाच दिवशी एकच फाईल बदलली की पंचाईत होते. कुणाची फाईल खरी मानायची? दुसऱ्याची जपून ठेवली तर पहिल्याचं काम पुसलं जातं.

१९७२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी यावर पहिली व्यवस्था बांधली. फाईलच्या प्रत्येक अवताराची नोंद ठेवायची, म्हणजे जुन्या रूपाकडे परत जाता येतं. पुढे बरीच वर्षं रीत अशी होती, की ज्याला फाईल बदलायचीय त्याने तिला कुलूप लावायचं, काम संपलं की उघडायचं. मधल्या वेळात बाकीच्यांनी थांबायचं. एका मजल्यावर बसणाऱ्या चमूला हे चालून जायचं. कुलूप लावून कुणी जेवायला गेला तर त्याला हाक मारता यायची.

१९९१मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्सने लिनक्स सुरू केलं आणि हे चित्र पार बदललं. मदत करणारे देशोदेशी पसरलेले. ते आपापले बदल ईमेलने पाठवायचे, लिनस वाचायचा, पटले तर स्वतःच्या प्रतीत घालायचा. प्रकल्प वाढत गेला तसा तो एकटा माणूसच सगळ्यांसाठी अरुंद दरवाजा ठरू लागला.

गिट आलं कुठून?

२००२पासून लिनक्सची मंडळी बदलांची नोंद ठेवायला बिटकीपर नावाचं एका खासगी कंपनीचं साधन वापरत होती. ते त्यांना फुकट मिळत होतं, पण काही अटींवर. एप्रिल २००५मध्ये अँड्र्यू ट्रिजेल या प्रोग्रामरने त्याची अंतर्गत भाषा उलगडायचा प्रयत्न केल्यावरून वाद पेटला आणि कंपनीने फुकट परवाना काढून घेतला. जगभरच्या लोकांचं काम त्या एका परवान्यावर लटकलेलं होतं.

टॉरव्हाल्ड्सने मग स्वतःच नवं साधन लिहायला घेतलं. ३ एप्रिलला काम सुरू झालं आणि ७ एप्रिलला गिट इतपत उभं राहिलं, की गिटचा स्वतःचाच कोड गिटमध्ये ठेवता आला. जूनमध्ये लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती त्यावरून निघाली. जुलैमध्ये त्याने गिटची जबाबदारी जुनिओ हामानो यांच्याकडे सोपवली आणि इतक्या वर्षांनंतरही ती तेच सांभाळताहेत. गिटचं श्रेय देताना हामानोंचं नाव बहुतेक वेळा राहून जातं. मला ते योग्य वाटत नाही. चार दिवसांत जन्मलेलं साधन दोन दशकं टिकलं ते रोजच्या सांभाळामुळे.

सातबारा आणि फेरफार

गिट काय करतं, हे समजायला महाराष्ट्रातल्या कुठल्याही शेतकऱ्याला परिचित असलेली गोष्ट पुरेशी आहे. सातबारा उताऱ्यावर जमीन आज कुणाच्या नावे आहे ते दिसतं. पण सातबाऱ्यावरचं नाव कुणी थेट खोडून बदलत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद पडते. तिला क्रमांक मिळतो. खरेदीखत, वारस, वाटणी, जे कारण असेल ते लिहिलं जातं. संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात आणि त्यानंतरच सातबारा बदलतो. पन्नास वर्षांनी कुणी विचारलं, की हे नाव इथे कसं आलं, तर फेरफाराचा क्रमांक धरून मागे जाता येतं.

गिटमध्ये प्रकल्पाच्या सगळ्या फायली आणि त्यांचा पूर्ण इतिहास मिळून जे दप्तर होतं त्याला रिपॉझिटरी म्हणतात. बोलताना सगळे नुसतं 'रेपो' म्हणतात. त्यातली प्रत्येक बदलाची नोंद म्हणजे कमिट. कुणी केला, कधी केला, का केला आणि नेमक्या कुठल्या ओळी बदलल्या, हे त्यात असतं. प्रत्येक कमिटला अंक आणि अक्षरांची ४० चिन्हांची ओळख मिळते. ही ओळख मजकुरावरून आणि आधीच्या कमिटच्या ओळखीवरून गणिताने काढलेली असते. त्यामुळे जुनी नोंद कुणी गुपचूप बदलली, तर तिथून पुढच्या सगळ्या नोंदींच्या ओळखी बदलतात आणि लबाडी उघडी पडते.

तलाठी कार्यालयापेक्षा इथे एक मोठा फरक आहे. गिटमध्ये मूळ दप्तर एकाच कचेरीत नसतं. काम करणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकावर सगळ्या इतिहासासकट पूर्ण प्रत असते. कुलूप लावायची गरज संपते. प्रत्येकाने आपल्या प्रतीत हवे ते प्रयोग करायचे. असा वेगळा धरलेला धागा म्हणजे ब्रँच. काम जमलं की ते मुख्य धाग्यात मिसळायचं, त्याला मर्ज म्हणतात. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली असेल तर गिट स्वतः निवाडा करत नाही. ते थांबतं आणि माणसाला विचारतं. ऑफिसात कुणी वैतागून 'कॉन्फ्लिक्ट आलाय' म्हणाला, तर बहुधा हेच झालेलं असतं.

हरकतीचे १५ दिवस, पण उघड्यावर

गिट आदेश टाईप करून वापरायचं साधन होतं, आणि आजही आहे. २००८मध्ये सुरू झालेल्या गिटहबने ते ब्राउझरमध्ये आणलं आणि त्याभोवती माणसांच्या बोलण्याची जागा बांधली. पुढे गिटलॅब, बिटबकेट अशा सेवाही आल्या. या सगळ्यांच्या मध्यभागी एकच गोष्ट आहे, पुल रिक्वेस्ट, थोडक्यात पीआर. 'मी हा बदल केलाय, पाहून घ्या आणि पटला तर आत घ्या,' असा तो अर्ज. पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत 'पीआर टाकलाय, जरा बघ' हे वाक्य दिवसभर ऐकू येतं.

एक पीआर जवळून पाहू. समजा, मतदार नोंदणीसारख्या एखाद्या अर्जाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वय > १८' अशी ओळ आहे. म्हणजे अठरापेक्षा जास्त वय हवं. पण नियम १८ पूर्ण असलेल्यालाही पात्र धरतो. कुणाला तरी ही चूक दिसते. ती व्यक्ती प्रकल्पाची स्वतःची प्रत घेते, ओळ बदलून 'वय >= १८' करते आणि पीआर टाकते. पडद्यावर जुनी ओळ लाल रंगात, नवी हिरव्या रंगात, एकाखाली एक दिसते. वर लिहिलेलं असतं: 'ज्यांना नेमकी १८ वर्षं पूर्ण झाली आहेत त्यांचे अर्ज नाकारले जात होते.' तपासणारी प्रोग्रामर त्या हिरव्या ओळीला लागूनच विचारते, 'वय कुठल्या तारखेला मोजतोय आपण? अर्जाच्या की पात्रतेच्या?' आणि तिथे कळतं, की खरी चूक आणखी खोल आहे. पुढचे दोन दिवस चर्चा त्या ओळीखालीच चालते, दुरुस्ती दुसऱ्यांदा होते, मग मर्ज.

एका चिन्हाचा बदल, पण तो का झाला, कुणी काय शंका काढली, काय ठरलं, हे सगळं कायम राहतं. तीन वर्षांनी नोकरीला लागलेली मुलगी त्या ओळीवर क्लिक करून हा संवाद वाचू शकते. पूर्वी हे ज्ञान जुन्या माणसांच्या डोक्यात असायचं आणि ती माणसं राजीनामा देऊन गेली की त्यांच्याबरोबर निघून जायचं. या साधनांनी कोड लिहिण्याचा वेग वाढवला असं सर्रास म्हटलं जातं. माझ्या मते त्यांची खरी देणगी दुसरी आहे. 'हा माणूस कोण, कुठल्या कॉलेजचा, कुणाच्या ओळखीचा' हा प्रश्न मागे पडला आणि 'बदल दाखव' हा प्रश्न पुढे आला.

सगळं माणसंच तपासतात का?

नाही. पीआर टाकताच आधी यंत्र कामाला लागतं. प्रकल्पाबरोबर शेकडो, कधी हजारो छोट्या चाचण्या लिहून ठेवलेल्या असतात: वय १७ दिलं तर नकार यायला हवा, १८ आणि १९ दिलं तर होकार. प्रत्येक बदलावर या चाचण्या आपोआप चालतात. एक जरी नापास झाली तरी पीआरवर लाल फुली येते आणि बहुतेक ठिकाणी मर्जचं बटण बंदच राहतं. त्यामुळे माणसाच्या वाट्याला यंत्राला न कळणारं तपासणं उरतं: हा बदल हवाच आहे का, सहा महिन्यांनी हा कोड कुणाला समजेल का, आणि यात काही काळंबेरं तर नाही ना.

हिंजवडीत याने काय बदललं?

पुण्यात संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे नऊ झालेले असतात. सॅन फ्रान्सिस्कोत नऊ वाजायला आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ उजाडावे लागतात. परदेशी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या आपल्या हजारो मुलामुलींचं घरचं वेळापत्रक या फरकाने ठरवलेलं आहे. रात्रीचं जेवण एका कानात हेडफोन घालून होतं.

पीआरवरची लेखी चर्चा जिथे नीट रुजली, तिथे यातला बराच भार हलका होऊ शकतो. पुण्यातल्या माणसाने संध्याकाळी पीआर टाकून घरी जावं, तिकडच्याने त्याच्या सकाळी शेरे लिहावेत, इकडच्याने दुसऱ्या दिवशी उत्तर द्यावं. कॉलवर इंग्रजीत पटकन उत्तर सुचत नाही म्हणून गप्प बसणारी, पण कामात पक्की असलेली मुलंमुली आपल्याकडे ढिगाने आहेत. लिहून मांडायला वेळ मिळाला की तीच मुलं ठामपणे आपला मुद्दा मांडतात. नांदेड-लातूरच्या कॉलेजांतून आलेल्यांसाठी ही गोष्ट लहान नाही.

मात्र साधन आलं म्हणजे रीत बदलली, असं होत नाही. लेखी चर्चाही चालू आणि रात्रीचा कॉलही चालू, वर स्लॅक किंवा टीम्सवर मेसेजांचा मारा, अशी दुहेरी पिळवणूक अनेक ठिकाणी दिसते. कॉल रद्द करायचा निर्णय साहेबांनीच घ्यावा लागतो, सॉफ्टवेअर तो घेत नाही.

कोणीही बदल सुचवू शकतं, म्हणजे कोणीही बिघडवू शकतं ना?

सुचवणं आणि आत घेणं यांत फरक आहे. अर्ज कुणीही करावा, मर्ज करण्याचा अधिकार मोजक्या लोकांकडे असतो. त्यांना मेंटेनर म्हणतात, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे. फेरफाराचा अर्ज कुणीही दिला तरी प्रमाणित करणारी सही ठरलेल्या अधिकाऱ्याचीच, तसंच. म्हणून चोराला खरी किंमत असते ती या सहीच्या अधिकाराची. एक्सझेडमध्ये नेमका तोच मिळवला गेला.

एक्सझेडमध्ये नेमकं काय घडलं?

एक्सझेड अनेक वर्षं लास्से कॉलिन नावाचा एक माणूस जवळजवळ एकट्याने सांभाळत होता. बिनपगारी, फावल्या वेळात. २०२१मध्ये 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी छोटे, उपयोगी बदल पाठवायला लागलं. काम चांगलं होतं. २०२२मध्ये दुसऱ्या काही अनोळखी नावांनी कॉलिनवर तगादा सुरू झाला: कामं रेंगाळताहेत, नवा मेंटेनर नेमा. कॉलिनने उघडपणे उत्तर दिलं होतं, की मानसिक आरोग्याच्या जुन्या तक्रारींमुळे त्याला पूर्वीइतकं काम होत नाही आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे, हे लोकांनी ध्यानात घ्यावं. ते उत्तर वाचताना मला आजही वाईट वाटतं. थकलेल्या माणसावर ठरवून दबाव आणला जात होता आणि त्याच वेळी मदतीचा हात पुढे करणारा एकच होता, जिया टॅन. हळूहळू अधिकार त्याच्याकडे गेले.

फेब्रुवारी २०२४मध्ये ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ या आवृत्त्या निघाल्या, चोरदरवाज्यासकट. लपवण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. घातक भाग चाचणीसाठीच्या नमुना फायलींत दडवला होता. फाईल दाबणाऱ्या साधनाच्या चाचण्यांत मुद्दाम बिघडवलेल्या फायली असणं स्वाभाविकच, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. आणि तो भाग जागा करणारी आज्ञा रेपोमध्ये ठेवलेलीच नव्हती. आवृत्ती प्रसिद्ध करताना जो गठ्ठा वेगळा बांधून देतात, तेवढ्यातच ती होती. रेपो उघडून वाचणाऱ्याला ती दिसली नसती आणि लिनक्सचे वितरक सहसा गठ्ठाच उचलत. फेरफार नोंदवही स्वच्छ, पण हातात मिळालेला उतारा वेगळा.

आणखी एक बदल मात्र सर्वांसमोर होता. एक्सझेडच्या बांधणीच्या एका फाईलमध्ये छोटी चाचणी होती: या संगणकावर अमुक सुरक्षा-कवच उपलब्ध आहे का, हे एक छोटा नमुना कोड चालवण्यायोग्य करून पाहायचं. त्या नमुन्यात एका ओळीवर नुसतं एक टिंब टाकलं गेलं. टिंबामुळे नमुना नेहमीच फसणार, मग चाचणी म्हणणार 'कवच उपलब्ध नाही' आणि सॉफ्टवेअर कवचाविना तयार होणार. हा बदल गिटच्या इतिहासात अगदी उघड, हिरव्या रंगात होता. कुणीही पाहू शकत होतं. फ्रॉइंडने घंटा वाजवेपर्यंत कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

आपल्या साधनांची मर्यादा त्या टिंबात दिसते. पाहायची सोय सगळ्यांना असते, म्हणून कुणीतरी पाहिलं असेलच, असं प्रत्येकजण धरून चालतो. हरकतीची मुदत आहे, पण हरकत घ्यायला कुणी आलंच नाही, तर नोंद प्रमाणित होते.

मग कोड बंद ठेवलेला बरा?

हा आक्षेप लगेच येतो. २०२०च्या डिसेंबरात उघड झालेलं सोलरविंड्स प्रकरण त्यावर उत्तर आहे. त्या कंपनीचा कोड बंद होता. हल्लेखोर तिच्या बांधणीच्या यंत्रणेत शिरले आणि घातक भाग असलेलं अपडेट कंपनीच्याच अधिकृत सहीनिशी सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोचलं. त्यांत अमेरिकी सरकारची खातीही होती. बाहेरच्या कुणाला कोड वाचून शंका घेण्याची सोयच नव्हती.

एक्सझेडचा चोरदरवाजा मात्र मुख्यतः डेबियन, फेडोरा अशा लिनक्सच्या प्रकारांच्या चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंतच पोचला होता. एका दुसऱ्याच प्रकल्पावर काम करणाऱ्या माणसाला शंका आली, त्याने कुणाची परवानगी न मागता कोड खोलवर तपासला आणि जाहीर केलं. पुढच्या काही तासांत जगभरचे लोक एकत्र तपासायला लागले आणि जिया टॅनच्या खात्यावरून आलेला प्रत्येक जुना बदल तारीखवार हाताशी होता. इतिहास नीट जपलेला असल्यामुळेच हे झालं. माझा कौल उघड्या कोडच्या बाजूनेच आहे, पण 'हजार डोळे पाहताहेत' ही समजूत सोडून द्यावी.

सगळं एका कंपनीच्या हातात गेलंय का?

बऱ्याच अंशी, हो. मायक्रोसॉफ्टने २०१८मध्ये गिटहब साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतलं. कोडच्या प्रती प्रत्येकाकडे असतात, त्यामुळे उद्या गिटहब बंद पडलं तरी कोड वाचेल. पण पीआरवरची चर्चा, शंका, निर्णय? ते कंपनीच्या सर्व्हरवर असतं.

३१ जानेवारी २०१७ला गिटलॅबच्या सेवेत एका अभियंत्याकडून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या बहुतेक योजना चालत नव्हत्या, हे त्याच वेळी कळलं. सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली. लोकांच्या गिट रेपोंना धक्का लागला नाही, गेल्या त्या चर्चा, तक्रारी, शेरे. दुरुस्तीचं काम कंपनीने यूट्यूबवर थेट दाखवलं, दोष झाकला नाही, याचं मला कौतुक वाटतं. जुलै २०१९मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे गिटहबने इराण, क्रिमिया इथल्या वापरकर्त्यांच्या खात्यांवर बंधनं घातली, तेव्हा तिथल्या लोकांना दुसरी बाजू कळली. २००५मध्ये एक परवाना गेला म्हणून गिट जन्मलं होतं. तशाच अवलंबित्वाच्या जवळ आपण परत आलो आहोत. सरकारी प्रकल्पांनी तरी चर्चेची प्रत स्वतःकडे ठेवावी.

एआयने कोड लिहिला तर हे सगळं संपेल का?

गिटहबने २०२१मध्ये कोपायलट हे कोड सुचवणारं एआय साधन दाखवलं तेव्हापासून ही चर्चा जोरात आहे. कोड लिहिणं खरोखर स्वस्त झालंय. तपासणं झालेलं नाही. 'कर्ल' हे इंटरनेटवरून माहिती आणण्याचं साधन सांभाळणारे डॅनिएल स्टेनबर्ग २०२४पासून जाहीरपणे सांगताहेत, की एआयने लिहिलेले, दिसायला भारदस्त पण पोकळ सुरक्षा-अहवाल येतात आणि ते खोटे ठरवायला माणसांचे तास खर्ची पडतात. अहवाल काही सेकंदांत बनतो, त्याची छाननी करणारी माणसं मात्र तेवढीच आहेत. एक्सझेडमध्ये जी गोष्ट अपुरी पडली, तिच्यावरच हा ताण येतोय.

आपल्या मुलांनी काय करावं?

गिटहबच्या २०२३च्या अहवालात भारतातले वापरकर्ते १ कोटी ३२ लाख होते, अमेरिकेखालोखाल सर्वाधिक. पण त्याबरोबर एक नामुष्कीही आपल्या वाट्याला आलीय. ऑक्टोबर २०२०मध्ये टी-शर्ट देणाऱ्या एका उपक्रमात इतके निरर्थक पीआर आले, की आयोजकांना नियम बदलून फक्त स्वतःहून तयार असलेल्या प्रकल्पांपुरताच तो ठेवावा लागला. २०२४मध्ये एक्स्प्रेस या लोकप्रिय प्रकल्पावर माहितीच्या फाईलमध्ये फक्त स्वतःचं नाव घालणाऱ्या पीआरचा पूर आला. एका हिंदी व्हिडिओत पीआर कसा टाकायचा ते तसं करून दाखवलं होतं आणि विद्यार्थ्यांनी ते खऱ्या प्रकल्पावर गिरवलं. मुलं दुष्ट नव्हती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, की पलीकडे एक माणूस बसलेला असतो आणि प्रत्येक अर्ज त्याला उघडून वाचावा लागतो.

सराव करायचा तर स्वतःचा रेपो उघडा, मित्राला त्यात पीआर टाकायला सांगा, एकमेकांचे बदल तपासा. खऱ्या प्रकल्पाकडे वळाल तेव्हा आधी तिथे पडलेल्या तक्रारी वाचा. एखादी आपल्या संगणकावर घडवून पाहा आणि 'या आवृत्तीत, या पायऱ्यांनी, असं घडतं' एवढं नीट लिहा. कोडची एक ओळही न लिहिता केलेलं हे काम मेंटेनरला फार मोलाचं असतं. मराठीसाठी करण्यासारखंही भरपूर आहे. मुंबईच्या 'एक टाईप'ने बनवलेला मुक्ता हा देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याखाली गिटहबवर आहे. एखादं जोडाक्षर चुकीचं उमटत असेल तर ते कुठे, कुठल्या ॲपमध्ये, कसं दिसतं, हे चित्रासह नोंदवता येतं. अनेक मुक्त सॉफ्टवेअरची मराठी भाषांतरं अर्धवट पडून आहेत. आणि दुसऱ्याचा पीआर वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. वाचा, न कळलेली ओळ दिसली की विचारा, 'हे टिंब इथे का आहे?'